निवड कोणाची, वापर कोणाचा?

वस्तू जो वापरतो तोच तिची किंमत मोजतो आणि तोच तिची पारख करतो, हे बाजारव्यवस्थेमागील मूलभूत गृहीत होय. दृष्टिहीनांसाठी घेतल्या जाणाऱ्या संगणक-साधनांच्या बाबतीत मात्र हे गृहीत टिकत नाही. तेथे पैसा देणारी संस्था वा दाता एक, पारख करणारा दुसरा आणि वापरणारा तिसराच असतो. ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरची निवड करताना ही विसंगती विशेषत्वाने जाणवते.

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. तथापि ध्वनी हे दृष्टिहीनांच्या केवळ करमणुकीचे साधन नव्हे. ते त्यांच्या अध्ययनाचे आणि उपजीविकेचेही माध्यम आहे. वऱ्हाडाला हे निराळे सांगण्याची गरज नसावी. १८८१ साली अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे जन्मलेले प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टीला पारखे झाले. तरीही अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. त्यांची वाणी कागदावर उतरली ती मात्र इतरांच्या हातून. आज ध्वनिमुद्रित मजकुरातील चूक कापणे, खोकला गाळणे, प्रकरणे जोडणे ही कामे दृष्टिहीन व्यक्ती स्वतः करू शकते. अट एवढीच, की हाती दिलेले साधन योग्य असावे.

योग्य म्हणजे कोणते? डोळस संपादक पडद्यावरील ध्वनिलहरींची आकृती पाहतो आणि माऊसने नको तो भाग निवडतो. दृष्टिहीन संपादकापुढे आकृती नसते. तो कान आणि कळफलक यांवर काम करतो, आणि पडद्यावरील मजकूर त्याला स्क्रीन रीडर वाचून दाखवितो. म्हणून पहिली कसोटी अशी, की प्रत्येक क्रिया कळफलकावरून करता आली पाहिजे आणि प्रत्येक बटणाचे नाव स्क्रीन रीडरला कळले पाहिजे. दुसरी कसोटी ध्वनीच्या गर्दीची. संपादनाचा आवाज आणि स्क्रीन रीडरचा आवाज एकाच वेळी कानी पडतात. ते दोन निरनिराळ्या ध्वनियंत्रणांकडे वळविता आले नाहीत, तर कामाचा बोजवारा उडतो.

या कसोट्यांवर उतरणारी साधने महागच असतात असे नाही. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने रचावयास घेतला. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. त्यात मुद्रण ऐकता ऐकताच दोन कळांनी निवडीचा आरंभ व शेवट ठरविता येतो, आणि कात्री लावण्यापूर्वी ती लावल्यावर कसे ऐकू येईल हे एका कळीने तपासता येते. त्यातही उणिवा आहेत. आवाजाची पातळी जागोजागी चढविण्या-उतरविण्याचे त्यातील एक हत्यार केवळ माऊसनेच चालते. गुंतागुंतीच्या कामासाठी रीपर हे सॉफ्टवेअर आहे. त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा. त्याला ओसारा ही जोडप्रणाली लावली की ते दृष्टिहीनांना बोलून मार्ग दाखविते. ओसारा रचणारे जेम्स टेह हे एनव्हीडीएच्या संस्थापकांपैकी एक आणि स्वतः दृष्टिहीन. वापरणाराच निर्माता झाला म्हणजे वस्तू कशी घडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

याउलट, दरपत्रके मागवून केवळ सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत नामांकित वस्तू घेण्याची रीत येथे उपयोगाची नाही. नामांकित स्टुडिओत चालणारे महागडे सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरपुढे मुके असेल, तर त्यावरील खर्च वाया गेला असेच म्हणावे लागेल. शिवाय खरी किंमत परवान्याची नसते, शिकण्याची असते. दृष्टिहीन विद्यार्थी शेकडो कळसंयोग पाठ करतो. ते त्याचे भांडवल होय. नव्या आवृत्तीत बटणे अबोल झाली, तर ते भांडवल एका दिवसात बुडते. म्हणूनच आवृत्ती बदलण्यापूर्वीही परीक्षा आवश्यक ठरते.

डोळस मदतनीस हे काम करून देईल, मग एवढा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु मदतनिसाच्या सवडीवर चालणारा व्यवसाय हा व्यवसाय नव्हे. वेळेवर काम पुरे करण्याची हमी ज्याला देता येत नाही, त्याला मोबदल्याचा सौदाही करता येत नाही.

उपाय अवघड नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोल्यासह पाच जिल्हे येतात. अमरावतीत डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे, अकोल्यात आकाशवाणीचे केंद्र आहे. विद्यापीठाने पुढाकार घेऊन कोणत्याही खरेदीपूर्वी दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या हाती ते साधन पंधरा दिवस द्यावे. मुद्रण, कापणी, जोडणी आणि जतन ही चार कामे कोणाच्या मदतीविना झाली, तरच देयक मंजूर करावे. परवान्यावर वाचलेला पैसा प्रशिक्षणावर, उत्तम हेडफोनवर आणि दुसऱ्या ध्वनियंत्रणेवर खर्च व्हावा. केंद्रातील अनुभवी ध्वनिमुद्रकांनी अधूनमधून मार्गदर्शन केले, तर अभ्यासक्रमातील पुस्तकांची आणि वऱ्हाडी बोलीची मुद्रणे याच विद्यार्थ्यांच्या हातून तयार होऊ शकतील.

ही कोणावर मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची जबाबदारी शासनावर टाकली आहे, आणि सुगम्यतेची मानके ऐच्छिक असू शकत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. कायद्याने हक्क मिळाला. तो बजावण्याचे साधन निवडण्याचा अधिकारही वापरणाऱ्याच्याच हाती गेला पाहिजे. ज्याच्या कानावर सारे काम अवलंबून, त्याचाच कौल खरेदीच्या टेबलावर ऐकला जाऊ नये, याला व्यवहार म्हणता येणार नाही.