पाकिटातले पान

कुंडीतल्या वीतभर झाडासाठी कुणी सातासमुद्रापलीकडून पाने मागवतो आणि एकेका पानाला शेकडो रुपये मोजतो, हे ऐकले की बहुतेकांना हसू येते. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. कुणी जुनी नाणी जमवतो, कुणी अत्तराच्या कुप्या, कुणी कबुतरे पाळतो. आफ्रिकन व्हायोलेटचा शौक त्यातलाच. माझा आक्षेप वेगळा आहे. या शौकाची पूर्ण किंमत अनेकदा शौकीन भरत नाही, ती भलत्याच माणसावर पडू शकते.

हे झाड मूळचे आजच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरांचे. तो मुलूख जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या अधिकाऱ्याने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते जर्मनीत आपल्या वडिलांकडे पाठवले. वनस्पतितज्ज्ञ हर्मान वेंडलांड यांनी १८९३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि या अधिकाऱ्याच्या नावावरून त्याला ‘सेंटपॉलिया’ म्हटले. नावात व्हायोलेट असले, तरी खऱ्या व्हायोलेटच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. पुढे १९२०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या एका रोपवाटिकेने युरोपातून बी आणले आणि त्यातून ‘ब्लू बॉय’सारखी वाणे निघाली. १९४६ मध्ये अमेरिकेत या झाडाच्या शौकिनांची संस्था उभी राहिली. नव्या वाणांची नोंद आज तीच ठेवते. म्हणजे परदेशातून मागवणे ही या झाडाच्या बाबतीत नवी गोष्ट नाही. त्याचा सगळा इतिहासच टपालाचा आणि जहाजाचा आहे.

आज अमेरिकेइतकीच रशिया आणि युक्रेनमधल्या संकरकारांची वाणे मागितली जातात. झालरीच्या कडा, हिरवट किनार, पाकळीवर शिंपडल्यासारखे ठिपके, पांढरी-गुलाबी पाने असे काय काय त्यांनी घडवले आहे. रशिया-युक्रेनमधल्या वाणाच्या नावाआधी बहुधा संकरकाराची आद्याक्षरे असतात. जाणकार ती बघूनच झाड कुणाच्या हातचे ते सांगतो. देठासकट एक पान ओलसर मातीत खोचले की काही आठवड्यांत मुळे येतात, मग बुडाशी पिल्ले फुटतात आणि वर्षभराच्या आत-बाहेर फुले लागतात. पान हलके, पाकिटात मावणारे. इथेच मोह सुरू होतो.

परदेशातून लागवडीसाठी झाड किंवा त्याचा भाग आणायचा तर आपल्याकडे २००३ चा वनस्पती क्वारंटाइन आदेश लागू होतो. आयातीचा परवाना लागतो. पाठवणाऱ्या देशाच्या अधिकृत यंत्रणेचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल रोग-किडींपासून मुक्त असल्याचा दाखला लागतो. इथे उतरल्यावर तपासणी होते आणि पुष्कळ रोपांना त्यानंतरही काही काळ वेगळे ठेवावे लागते. हे सगळे टाळायचा सोपा मार्ग म्हणजे पाकिटावर ‘भेटवस्तू’ किंवा ‘कागदपत्रे’ लिहायला सांगणे. पान निरोगी दिसते, घरात राहणार आहे, त्याने कुणाचे काय बिघडणार, असे त्याचे समर्थन केले जाते.

बिघडते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींमुळे. व्हायोलेटच्या कोवळ्या गाभ्यात बसणारी सायक्लेमेन कोळी ही कीड भिंगाशिवाय दिसत नाही. पानात सूत्रकृमी असू शकतात. फुलकिडे विषाणू घेऊन फिरतात. त्यातल्या कित्येकांना व्हायोलेटच हवे असते असे नाही. टोमॅटो, मिरची, स्ट्रॉबेरीही चालते. खिडकीतून शेजारच्या गच्चीवर आणि तिथून मळ्यात जायला त्यांना परवाना लागत नाही.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. गाजर गवताची आपल्याकडची सुरुवातीची नोंद १९५०च्या दशकातली, पुण्यातली. परदेशी धान्याबरोबर ते आले असे मानले जाते. आज ते कुठे नाही ते सांगा. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. त्याला आवरायला २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून त्याचे शत्रू असलेले परोपजीवी कीटक आणावे लागले. या दोन्ही गोष्टी व्हायोलेटच्या शौकिनांनी केल्या नाहीत. पण नकळत आलेली एक कीड किती लांब जाते, ते त्यावरून कळते.

दुसरी बाजूही आठवा. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले, कारण काही खेपांत फळमाशी सापडली होती. कोकणात हापूसवर घर चालवणाऱ्यांचा तेव्हा केवढा संताप झाला! बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, ती तपासणी कडक केल्यावर. आपल्या पेटीत कीड नाही हे दाखवून द्यायची जबाबदारी आपली, हे बागायतदाराने मान्य केले. नाशिकच्या द्राक्षवाल्याला तर ‘फायटो’ हा शब्द पाठ आहे. शेतकऱ्याने पाळायचा नियम शौकिनाने मोडायचा, हा कुठला न्याय?

याचा अर्थ सरकारची यंत्रणा निर्दोष आहे असा नाही. कंटेनरभर रोपे आणणारा व्यापारी आणि पाच पाने मागवणारी गृहिणी यांना एकाच रांगेत उभे केले, तर दुसरी माणसे आडवाट धरणारच. थोड्या संख्येसाठी कमी खर्चाचा, समजेल अशा मराठी-हिंदी अर्जाचा आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळणारा मार्ग हवा. शौकिनांच्या मंडळांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. मात्र मार्ग होईपर्यंत आडवाट चालेल, असे म्हणता येणार नाही.

तोवर हातात पुष्कळ आहे. मंडळाने मिळून एकच रीतसर खेप मागवावी, परवान्याचा आणि प्रमाणपत्राचा खर्च वाटून घ्यावा. आलेले प्रत्येक पान इतर कुंड्यांपासून दोन-तीन महिने लांब ठेवावे. विक्रेत्याची पारखही करता येते. फुलावर चक्रीसारखे पट्टे असलेले ‘कायमेरा’ प्रकार पानापासून जसेच्या तसे येत नाहीत, त्यांना फुटवा किंवा फुलाचा दांडा लागतो. त्याचे पान विकून पट्ट्यांची हमी देणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड. अशा माणसाने फुकट दिले तरी घेऊ नये.

या झाडाचा स्वभावच वाटून घेण्याचा आहे. एका पानातून तीन-चार पिल्ले सहज निघतात, त्या पिल्लांची पाने पुढच्यांना देता येतात. कायदेशीरपणे आलेले एक झाड काही वर्षांत पुणे, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी खिडक्यांत पोहोचू शकते. मग दहा जणांनी दहा पाकिटे लपवून मागवायची गरज उरत नाही. दुर्मीळ वाण आपल्या एकट्याकडे असावे, ही हाव मात्र थोडी आवरावी लागेल.