चित्रें दाखवावीं कशीं?

प्रदर्शन मांडणें ही एक स्वतंत्र कला आहे, हें आतां सर्वमान्य झालें आहे. ह्या कलेची किंमत कोणास मोजावी लागली, हें मात्र छत्रपती संभाजीनगराहून सुमारें शंभर किलोमीटरांवरील अजिंठ्यास गेल्यावांचून नीट कळत नाहीं.

लेणीं उचलून नेतां येत नाहींत. तेव्हां त्यांतील चित्रांच्या नकला जगास दाखवाव्या, अशी कल्पना निघाली. कंपनी सरकारनें १८४४ सालीं मद्रास पलटणींतील रॉबर्ट गिल ह्यांस ह्या कामावर नेमिलें. त्यांनीं वर्षानुवर्षें त्या दरींत खपून काढलेलीं भव्य तैलचित्रें लंडनजवळ सिडनॅमच्या काचमहालांत मांडण्यांत आलीं, आणि १८६६ च्या डिसेंबरांत तेथील आगींत बहुतेक सर्व जळालीं. पुढें १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह तेथें जाऊं लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकींच एक. ह्या नकलाही लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत, गेल्या; १८८५ त तेथेंही आग लागली व पुष्कळ नकला नष्ट झाल्या!

आगीचा दोष दैवाच्या माथीं मारतां येईल. व्हार्निशाचें तसें नाहीं. नकल करतांना रेषा स्पष्ट दिसाव्या म्हणून मूळ चित्रांवरच व्हार्निश फासण्यांत आलें. १९२० त निजाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे तज्ज्ञ आणविले. सुटूं लागलेला गिलावा त्यांनीं जागच्या जागीं बसविला, हे उपकार थोर; पण त्यांनीं वापरलेली लाखही कालांतरानें पिवळी पडली. हे थर उतरविण्याचें काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या वांट्यास आलें. ज्यांना दिवाणखान्यांत आजोबांची तसबीर ऐन उन्हासमोर टांगण्याची हौस आहे, त्यांनीं हें ऐकून ठेवावें.

ग्रिफिथ्स ह्यांनीं १८९६-९७ त दोन मोठे खंड छापून ठेविले, म्हणून जळालेल्या कामाचा मागमूस तरी राहिला. आमच्या मतें त्यांचें खरें प्रदर्शन तेंच. त्यास भिंत लागली नाहीं, कीं व्हार्निशही लागलें नाहीं.

आतां लेण्यांत दिवे मंद असतात व छायाचित्रासाठीं झोत पाडण्यास मनाई आहे. 'एवढ्या लांब येऊन अंधारच पाहावयाचा काय?' म्हणून प्रवासी कुरकुरतात. मुलांस घेऊन जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं पहिल्या लेण्यांत शिरतांच पुढें धांवूं नये. गाभाऱ्याच्या डाव्या अंगास कांहीं मिनिटें उगाच उभें राहावें. डोळे अंधारास सरावले, कीं प्रथम मुकुट दिसूं लागतो, मग खालीं झुकलेली दृष्टि, आणि मग पद्मपाणीच्या हातांतील तें कमळ.