सायकल दिली, रस्ता कुठंय?

दिवाळीच्या सुट्टीत चार मित्रांनी सायकली काढायच्या अन् आर्णीमार्गे माहूर गाठायचं, ही आमच्या पिढीची हौस होती. आज पोट्टे तेच म्हणाले तर घरचे हादरतात. का? यवतमाळ-आर्णी रस्ता तर चौपदरी झाला ना साहेब!

झाला, पण गाड्यांसाठी. कडेच्या पट्टीवर उभे ट्रक, उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले अन् पसरलेली गिट्टी. सायकलवाल्यानं जायचं कुठून?

1985 मध्ये वरोऱ्याच्या बाबा आमटेंसोबत तरुण पोरं-पोरी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलनं निघाली होती. आपल्याला 40 किलोमीटरवरची आर्णी धोक्याची वाटते!

अन् हा फक्त हौशी लोकांचा प्रश्न नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. महामार्गालगतच्या गावातल्या पोरी याच कडेनं जातात. सरकारनं सायकल दिली, ती चालवायला जागा नाही दिली.

मागणी साधी आहे. कडेची पट्टी मोकळी करा. उभ्या ट्रकांवर कारवाई करा. गावांजवळ वेगळी सायकलवाट द्या.

3 जूनला, जागतिक सायकल दिनी, टोपी घालून फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांनो, एकदा पोलीस गाडी न घेता आर्णीपर्यंत सायकल हाणून दाखवा. मग सांगा विकास झाला म्हणून!