केलं काय, नाही केलं काय

मागच्या महिन्यात एक मूर्खपणा केला. आमचे काका सेनगावला असतात. (जिल्हा हिंगोली. पुण्यात हिंगोली कुठे आहे हेच समजावून सांगावं लागतं, सेनगाव तर सोडूनच द्या.) सोयाबीन, थोडी हळद, एक विहीर. फोनवर त्यांचा आवाज फारच पडलेला वाटला म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. सूटबूटवाला माणूस, मागे ढोलताशे, 'उठा, तुमच्यात आग आहे' वगैरे वगैरे. दोन दिवसांनी काकांचा फोन.

"बघितला बाबा तुझा व्हिडिओ. आग हाय की. पण पेरलं काय न् नाही पेरलं काय, सारखंच व्हायलंय. त्याचं काय करावं ते इचार त्या मानसाला."

मी गप्प. कारण हापिसात माझंही नेमकं तेच चाललं होतं. चौदा महिने घासलेलं प्रोजेक्ट एका ओळीच्या मेलने बंद झालं. कुणी वाईट वागलं नाही, कुणी ओरडलं नाही. पुढच्या आठवड्यात पिझ्झासकट एक मोटिव्हेशनल टॉकही झाला. पण मी तीन आठवडे एडिटर उघडून नुसता बसून होतो. कामाचा कंटाळा नव्हता हो. केलं काय, नाही केलं काय, हे वाक्य डोक्यात बसलं होतं.

या वाक्यावर एक जुना प्रयोग आहे. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेला. (आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा चालायचं.) एका गटाला विजेचा झटका बसे, पण डोक्याने पट्टी दाबली की तो थांबे. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, फक्त त्यांच्या हातात काही नव्हतं. पहिल्याने थांबवले की यांचेही थांबत. मग दोघांना अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक तिथेच पडून राहिले. लक्षात घ्या, झटके दोघांना सारखेच बसले होते. म्हणजे त्रासाने उमेद जात नाही. आपल्या करण्याने काही बदलत नाही, या अनुभवाने जाते.

त्या कुत्र्यांना उठवण्यासाठी पलीकडून हाका मारल्या, खायला टाकलं. उपयोग शून्य. शेवटी गळ्याला पट्टा बांधून पुन्हा पुन्हा पलीकडे ओढत नेलं, तेव्हा कुठे ते स्वतःहून जायला लागले. माझा व्हिडिओ आणि कंपनीचा पिझ्झा म्हणजे पलीकडे टाकलेलं खाणं, दुसरं काय!

गंमत पुढे आहे. २०१६ मध्ये याच दोघांनी आपलाच सिद्धांत उलटा केला. पन्नास वर्षं ते म्हणत होते की असहायता शिकली जाते. मेंदूवरच्या नंतरच्या कामाने दिसलं की लांबलेल्या त्रासात हातपाय गाळून बसणं हे उपजतच असतं. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. मला हे वाचून फार बरं वाटलं. बसून राहणारा माणूस बिघडलेला नसतो, त्याला पुरावा मिळालेला नसतो.

सेनगावहून हिंगोलीला जाताना नर्सी लागतं, संत नामदेवांचं जन्मगाव मानतात ते. गोरोबाकाकांनी सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून नामदेवाला 'कच्चं मडकं' ठरवलं, ही कथा आपल्याला पाठ आहे. चारचौघांत झालेलं मराठीतलं पहिलं अप्रेझल म्हणायला हरकत नाही! नामदेव रुसले, खचले. पण कथेत पुढे त्यांना ठिकाण सांगितलं जातं: औंढ्याला जा, विसोबा खेचरांना भेट. अपमान मोठा होता, पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळत होतं.

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकायला काढले. किडनी, लिव्हर, डोळे, प्रत्येकाचा दर लिहून. सोयाबीनचा दर शेतकरी कधी ठरवत नाही. त्या पत्रातले दर मात्र त्यांनीच ठरवले होते. त्या वर्षी पिवळ्या मोझॅकने सोयाबीन खाल्लं. पुढच्या, २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, आणि बाजारात तेवढेही मिळेनात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हेच सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, पण ते नवं पीक निघायच्या आधी. अशा माणसाला 'मोटिव्हेशन' शिकवणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. तिथे दुरुस्त करायचाय तो भाव, विमा आणि बँक. माणूस नव्हे. माझं प्रोजेक्ट बुडालं तरी पगार एक तारखेला जमा झाला होता, हे विसरून मी व्हिडिओ पाठवला होता.

मग मी काय केलं? फार थोर काही नाही. शेजारच्या सपोर्टवाल्या पोराला रोज दीड तास हाताने लॉग चाळावे लागायचे. त्याला एका दुपारी चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाच्या प्लॅनमध्ये नव्हती. संध्याकाळी तो वेळेवर घरी गेला. दुसऱ्या दिवशी मी नऊला हापिसात होतो. मोठ्या कामाबद्दल अजूनही शंकाच आहे, पण एडिटरमध्ये अक्षरं उमटायला लागलीत.

हे काकांना सांगायला फोन केला तर ते घाईत होते. विहिरीजवळ दोन गुंठ्यांत मेथी-कोथिंबीर टाकलीय म्हणे. महिन्याभरात हाताशी येते, आठवडी बाजारात स्वतः बसून विकतात, जुडीचा भाव स्वतः सांगतात. "कर्ज फिटतंय व्हय ह्याच्यानं?" मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "न्हाई फिटत. पर बाजाराच्या दिवशी पहाटं जाग येतीया."