क्रूस, तुळस आणि डावा हात

"ताई, एक विचारू? टॅटू काढलेला देवाला चालतो का गं?"

मंगळवार, दुपारचे साडेतीन. डेडलाइन डोक्यावर आणि आष्टीहून धाकट्या मामेभावाचा फोन! मी मास कॉम केलंय म्हणजे मला जगातलं सगळं माहीत असतं, असा आमच्या खानदानाचा ठाम समज आहे. (फ्रीलान्स म्हणजे बेकार, हाही आहेच.)

आम्ही बीड जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. म्हणजे ऑफिसात कळलं की ज्यांना "अय्या, गोव्याचे का?" असं विचारतात, ते. नाही हो, आष्टी तालुका. शेजारच्या नगरात (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. त्या बाजूच्या खेड्यापाड्यांत आजही चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं रंगतात, आणि भेटल्यावर आम्ही एकमेकांना "सलाम" म्हणतो.

तर भावाचा प्लॅन असा : मनगटावर छोटा क्रूस. कुठे? मढीच्या जत्रेत!

"अरे, कानिफनाथांच्या जत्रेत क्रूस?"

"मग काय झालं? तिथं मशीनवाला स्वस्तात काढतो. पुण्यात तुम्ही हजारानं मोजता."

मामांनी अर्थातच बायबल काढलं होतं. लेवीय, अध्याय 19, वचन 28. मेलेल्यांसाठी अंगावर वार करून घेऊ नका, गोंदवून घेऊ नका, असा तिथला आदेश. विषय खल्लास.

पण मी पडले पत्रकार. रात्री अख्खा अध्याय वाचून काढला. त्याच अध्यायात, नऊ वचनं आधी, दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालू नका असंही लिहिलंय. आमचे मामा जन्मभर टेरिकॉटच्या पँटीत वावरलेत. दाढीच्या कडा छाटू नका, हे तर गोंदण्याच्या अगदी आधलं वचन, आणि मामा रोज सकाळी रेडिओ लावून गुळगुळीत दाढी करतात. शिवाय गोंदण्यासाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे तो सगळ्या बायबलमध्ये तेवढा एकदाच येतो, त्यामुळे त्याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांचा काथ्याकूट चालू असतो. "देह हे पवित्र आत्म्याचं मंदिर" हे पौलाचं वाक्य टॅटूवाल्यांच्या तोंडावर हमखास फेकलं जातं. पण पौल तिथे वेश्यागमनाबद्दल बोलतोय, सुईबद्दल नाही! आणि यशयाच्या पुस्तकात तर देव स्वतःच म्हणतो की सियोनेला मी माझ्या तळहातांवर कोरून ठेवलंय.

बाहेरच्या जगात तर हे कधीचं चालू आहे. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती मनगटाच्या आतल्या बाजूला क्रूस गोंदवतात. जेरुसलेमच्या जुन्या शहरात रझूक नावाचं कुटुंब यात्रेकरूंना गोंदून देतं. सातशे वर्षांचा धंदा आहे म्हणतात, लाकडी ठसे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले. बोस्नियातल्या कॅथलिक बायका हातभर क्रूस गोंदवायच्या. म्हणजे मामेभावाचा फंडा काही अगदीच नवा नाही.

हे सगळं ज्ञान घेऊन मी वीकएंडला आष्टी गाठली. वाटलं, मामांना चितपट करू. झालं भलतंच.

जेवणं झाल्यावर वाद पेटला. मी लेवीय काढला, टेरिकॉट काढलं, मामा लाल. आजी कोपऱ्यात सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि उजव्या हातावरचा पदर मागे सारला.

कोपरापासून मनगटापर्यंत तुळस. कुंडीसकट. खाली ठिपक्यांची ओळ. हिरवटनिळी, पसरट, जुनी.

"सात वर्षांची होते. दारावर गोंदणारीण आली, मायनं धरून बसवलं. पायलीभर जवारी दिली तिला. माय म्हणायची, मेल्यावर समदं हितंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं."

"आणि मग?"

"मग आमच्या घराचा बाप्तिस्मा झाला. चर्चातल्या एक बाई म्हणाल्या, हे सैतानाचं काम, झाकून घे. विटकरीनं घासलं मी. जातंय व्हय ते?"

आमच्या घरातले सगळे अल्बम डोळ्यांसमोर आले. लग्नं, बारशी, नाताळ. प्रत्येक फोटोत आजीचा उजवा हात पदराखाली. प्रभुभोजनाची भाकर घेतानाही ती मनगटापर्यंत पदर ओढून घ्यायची. आम्हाला वाटायचं, आजीला थंडी वाजते. लोकांच्या मुलाखती घेत फिरणाऱ्या मला हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मामा काही बोलले नाहीत. उठून ओसरीवर गेले. मी मागोमाग.

"ते वचनाचं असू दे गं," मामा म्हणाले. "उद्या हा पुण्याला खोली बघायला जाईल. मालक आधी मनगट बघेल, मग तोंड."

यावर माझ्याकडे गुगलवरून आणलेलं उत्तर नव्हतं. आणि प्रश्न खोलीपुरता नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की तो दर्जा जातो. शीख झालेल्यांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये तो मिळाला, आपल्याला नाही. त्यामुळे आमच्या भागात फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्यापाशी पेन क्षणभर थांबतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. रकान्यात काय लिहायचं हे आपण ठरवतो. मनगटाला मात्र खोडरबर चालत नाही.

माझं मत विचाराल तर ख्रिस्ती माणसानं टॅटू काढायला काही हरकत नाही. नव्या करारात मला तरी मनाई सापडली नाही. पण मामांची भीती जुनाट म्हणून उडवून लावण्याइतकी मी पुणेकर झालेली नाही. आणि जत्रेतली सुई तर अजिबात नको. एकच सुई दहा जणांना टोचली तर हिपॅटायटिस बी फुकटात मिळतो, हे मी भावाला दम देऊन सांगितलं.

गंमत म्हणजे भावाला खरं टेन्शन वेगळंच होतं. तो भरतीची तयारी करतोय, पहाटे चारला उठून पळतो. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीच्या जाहिरातीत टॅटूचा चक्क नियम आहे : धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, पण पारंपरिक जागी. म्हणजे हाताच्या पंजाची मागची बाजू, नाहीतर कोपराखालचा आतला भाग, तोही डाव्याच हाताचा, कारण उजव्यानं सॅल्यूट करायचा असतो. आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. लेवीयापेक्षा हे पुष्कळच स्पष्ट लिहिलंय बुवा!

त्यानं पट्टी आणली, डावा हात मोजला आणि बॉलपेननं क्रूस काढून आजीला दाखवला.

आजीनं चष्मा लावला. तिचा उजवा हात त्याच्या डाव्याशेजारी ठेवला.

"एवढासाच?" म्हणाली.

मामांची परवानगी अजून मिळालेली नाही. आधी ग्राउंड निघू दे, मग बघू, म्हणालेत. येताना मी आजीचा एक फोटो काढला. पदर तिनं स्वतःच मागे घेतला होता.