मनगटावरील रोजमेळ

दिवसाच्या व्यवहारांची नोंद रोजमेळात होते; एकूण आर्थिक स्थिती कळते ती ताळेबंदातून. मनगटावरील स्मार्ट घड्याळाचेही तसेच आहे. त्यातील हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहाचे चढउतार टिपतो आणि त्यावरून संगणकीय प्रणाली नाडीची गती व लय ताडते.

अमेरिकेत अशा घड्याळाच्या सुमारे ४ लाख १९ हजार वापरकर्त्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनियमित नाडीचा इशारा जेमतेम अर्ध्या टक्क्याला मिळाला. त्यांपैकी ज्यांची पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी झाली, त्यांतील सुमारे एक-तृतीयांश जणांतच हृदयाच्या लयीचा विकार आढळला. इशारा म्हणजे निदान नव्हे.

घड्याळ गप्प आहे म्हणून सारे कुशल, असेही नाही. हृदयविकाराचा झटका त्याला ओळखता येत नाही. धाराशिव, भूम, परंडा येथील रुग्णाला पुढील उपचारांसाठी अनेकदा सोलापूर वा लातूर गाठावे लागते. छातीत दुखू लागल्यावर घड्याळाकडे पाहत बसणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय.

मधुमेहींनी अधिक सावध असावे. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर व अंगठ्यांवर विसंबू नये, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले आहे. उपवासात चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवली, तर ते जिवावर बेतू शकते. उपवास धरण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नोंदी घड्याळाने ठेवाव्यात. ताळेबंद मात्र डॉक्टरांनाच मांडू द्यावा.