कासवाचे पिल्लू नजरेने वाढत नाही



आपल्या संतसाहित्यात एक कल्पना वारंवार येते. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, ती लांबून नुसती मायेने पाहते आणि त्या नजरेवरच पिल्ले वाढतात. भक्ताचा देवावरचा विश्वास सांगायला ही कल्पना फार सुंदर आहे. प्रत्यक्षात मात्र कासवाची मादी मातीत खड्डा करून अंडी घालते, तो बुजवते आणि निघून जाते. पिल्लू पहिल्या दिवसापासून एकटे असते. तरीही ते जगते, कारण रानात त्याला ऊन, गवत, ओली माती आणि हिंडायला जागा मिळते. आपल्या घरातल्या प्लास्टिकच्या टबात यातले काहीच नसते. तिथे त्याच्या वाट्याला येते ती खरोखर फक्त आपली नजर.

हा विषय माझ्या दवाखान्यात कसा आला ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आठ महिन्यांचे एक बाळ ताप आणि रक्त पडणाऱ्या जुलाबांमुळे माझ्याकडे आले. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवून दाखल करावे लागले. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू सापडला. बाहेरचे खाणे नाही, पाणी उकळलेले, मग हा जंतू आला कुठून? विचारता विचारता कळले की मोठ्या मुलाला वाढदिवसाला कोणीतरी कासवाचे पिल्लू दिले होते आणि त्याचा टब रोज स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतला जात होता. त्याच सिंकमध्ये बाळाची वाटी-चमचाही धुतला जात होता. जंतू कासवाकडूनच आला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण संशयाला जागा भरपूर होती.

बाळ बरे झाले. नंतर दाखवायला आले तेव्हा तो मोठा भाऊही सोबत होता. त्याने आईच्या मोबाईलवर कासवाचा फोटो दाखवला आणि विचारले, "डॉक्टरकाका, त्याचे डोळे सुजलेत आणि पाठ मऊ लागते. त्याला पण तुमच्याकडे आणू का?"

मी जनावरांचा डॉक्टर नाही. पण मऊ पडलेले हाड ओळखायला माणसांचा डॉक्टरही पुरतो. त्या घरात एकाच वेळी दोन पिल्ले आजारी होती आणि दोघांच्या आजाराचे कारण एकच होते. कासव घरात आणले, पण ते काय आहे हे कोणी समजून घेतले नव्हते.

आधी जात ओळखा

मराठीत आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो. पण पाण्यातले कासव आणि जमिनीवरचे कासव यांची राहणी पूर्ण वेगळी आहे. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. "कासव आहे म्हणजे पाणी हवेच" असे समजून त्याला भरलेल्या टबात ठेवले तर ते बुडून मरते.

त्या मुलाच्या कासवाच्या काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या होत्या. म्हणजे ते भारतीय तारा कासव, ज्याला आपण स्टार कासव म्हणतो. ते वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. ते विकणे, विकत घेणे आणि घरात पाळणे गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून सर्वात कडक बंदी आहे. तरी "घरात कासव असले की लक्ष्मी टिकते" या समजुतीपोटी त्याची चोरटी विक्री चालते. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्याला आपण नमस्कार करतो. ते दगडाचे आहे, त्याला भूक लागत नाही. घरात शुभ म्हणून ठेवायचेच असेल तर तसेच ठेवावे.

तुमच्या घरी स्टार कासव असेल तर घाबरून ते नदीत, तळ्यात किंवा डोंगरावर सोडू नका. नदी-तळ्यात ते बुडेल आणि रानात सोडले तर त्याच्याकडचे आजार तिथल्या कासवांना लागतील. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते त्यांच्या हाती द्या. त्या कुटुंबाने तेच केले. मुलगा रडला. पण कासवाला सोपवून देणे हीच त्याने घेतलेली सर्वात चांगली काळजी होती, असे मी त्याला सांगितले आणि आजही माझे तेच मत आहे.

सुलकाटासारखे परदेशी जातीचे कासव कायदेशीररीत्या घेतलेले असेल, तर २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तिथला नियम पाहावा. पुढची माहिती अशा रीतसर पाळलेल्या, जमिनीवरच्या कासवाच्या पिल्लासाठी आहे.

ऊन: काचेतून आलेले चालत नाही

मुडदूस हा आजार तुम्ही ऐकला असेल. लहान मुलाला ड जीवनसत्त्व मिळाले नाही की कॅल्शियम हाडात बसत नाही, हाडे मऊ होतात आणि पाय वाकतात. कासवाचे कवच म्हणजे वरून चढवलेले चिलखत नाही. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्यातच जुळलेले असतात. म्हणून कासवाला मुडदूस झाला की कवचच मऊ पडते.

ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होण्यासाठी उन्हातले अतिनील बी किरण लागतात आणि खिडकीची काच ते अडवते. खिडकीजवळ ठेवलेल्या काचेच्या पेटीत कासवाला उजेड मिळतो, ऊब मिळते, पण हे किरण मिळत नाहीत. उलट बंद पेटी उन्हात तापून पिल्लू भाजून निघू शकते. त्याला रोज थोडा वेळ खरे, उघडे ऊन हवे आणि शेजारी सावली हवी, म्हणजे तापले की ते सरकू शकेल. ते शक्य नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा यूव्हीबी दिवा लावावा. हा दिवा दिसायला चालू असला तरी त्यातले किरण काही महिन्यांत क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा लागतो.

कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. अन्न पचवायलाही त्याला बाहेरची ऊब लागते. त्याच्या जागेत एका टोकाला सुमारे ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास तापमान असावे. कुठे बसायचे ते त्याला ठरवू द्या.

खाणे: गवत आणि पाने, पोळी-भात नाही

सुलकाटासारखी कासवे चरणारी आहेत. गवत, जास्वंदाची पाने आणि फुले, तुतीची पाने, काटे काढलेले फड्या निवडुंग हा त्यांचा चांगला आहार. भात, पोळी, ब्रेड, दूध, मांस आणि कुत्र्या-मांजरांचे खाद्य देऊ नये. गोड फळे सुलकाटाला सोसत नाहीत. पालक रोज देऊ नये, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. नुसती काकडी किंवा सॅलडची फिकी पाने म्हणजे जवळजवळ पाणीच. कॅल्शियमसाठी पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस जागेत ठेवून द्यावा.

पाणी आणि ओल

पिल्लू फार लवकर सुकते. उथळ ताटलीत कोमट पाणी घेऊन, पाणी हनुवटीच्या खाली राहील अशा बेताने त्याला आठवड्यातून काही वेळा दहा-पंधरा मिनिटे बसवावे. त्या वेळी समोरून हलू नये. राहण्याच्या जागेत थोडी ओलसर माती असलेला एक आडोसा हवा. अगदी कोरड्या हवेत वाढलेल्या सुलकाटा पिल्लांच्या पाठीवर उंचवटे येतात आणि एकदा आलेला उंचवटा जात नाही.

दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे. बाळाच्या वजनाचा तक्ता आपण ठेवतो तसेच. त्यासाठी वजनकाटा वेगळा घ्यावा, स्वयंपाकघरातला नको.

औषध: घरचे डॉक्टर होऊ नका

सुजलेले डोळे, वाहणारे नाक, तोंड उघडून श्वास, मऊ कवच, दोन-तीन दिवस खाणे बंद यातले काही दिसले तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. बाळाचे ड जीवनसत्त्वाचे थेंब कासवाच्या तोंडात घालू नका. हे जीवनसत्त्व जास्त झाले की विषारी ठरते. आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. जंतासाठी आणि खरजेसाठी माणसांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना मारते.

आणि तुमचे हात

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. साल्मोनेला हा जंतू कासवाच्या आतड्यात सहज राहतो. कासव मात्र ठणठणीत दिसते. जंतू विष्ठेतून कधी पडतो, कधी पडत नाही, म्हणून एखादी तपासणी निर्दोष आली तरी खात्री देता येत नाही. टायफॉइडचा जंतूही याच घराण्यातला, पण तो माणसांतच राहतो. कासवाकडून येणाऱ्या प्रकारांनी ताप, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. धडधाकट माणूस बहुधा काही दिवसांत बरा होतो. पण तान्ह्या बाळात हा जंतू रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. पिल्लू जितके लहान तितके ते मुलाच्या तोंडात जाण्याची भीती जास्त.

म्हणून हे नियम पाळा:

• कासवाला, त्याच्या टबाला किंवा पाण्याला हात लागला की साबणाने वीस सेकंद हात धुवा. मुलांचे हात मोठ्यांनी समोर उभे राहून धुवून घ्यावेत.
• टब स्वयंपाकघरात धुऊ नका. त्यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश ठेवा. पाणी संडासात ओता.
• स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या जागी कासवाला मोकळे सोडू नका. त्याचा मुका घेऊ नका.
• घरात पाच वर्षांखालील मूल, गर्भवती, वृद्ध किंवा केमोथेरपी, स्टेरॉइड यांसारखी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारी व्यक्ती असेल तर कासव पाळू नका.
• जुलाब, ताप घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर घरी कासव आहे हे आपणहून सांगा. आम्ही ते नेहमी विचारतोच असे नाही.

माझे मत

मुलांनी प्राणी पाळू नये असे मी म्हणत नाही. पण तळहाताएवढे सुलकाटाचे पिल्लू पुढे चाळीस किलोंच्या पलीकडे जाते आणि आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत जगू शकते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते कुठे राहील, आणि मुलगा शिकायला बाहेरगावी गेला की त्याला कोण पाहील, याचे उत्तर आधी हवे. कुत्रा भुंकून मागतो, मांजर पायात येऊन मागते. कासव काहीच मागत नाही. ते उपाशी असले, थंडीने गारठले किंवा त्याची हाडे विरघळत असली तरी गप्प असते आणि आपल्याला वाटते की ते शांत आहे.

गप्प असणारा रुग्ण बरा असतोच असे नाही, हे डॉक्टरकीने मला शिकवले. तुमच्या घरी कासव असेल तर आज संध्याकाळी दोन गोष्टी करा. त्याला खरे ऊन किती मिळते ते पाहा आणि त्याचा टब कुठे धुतला जातो ते पाहा. आणि अजून घेतले नसेल, तर माझा सल्ला एवढाच आहे की घेऊ नका.